मोजलेला आकडा परिशिष्टात टाकायचा का?

नमस्कार सर,

मी एम.टेक. ऊर्जा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. दुसऱ्या सत्रात चौघांच्या गटाने एक प्रकल्प करायचा असतो. आम्ही माझ्या मावशीच्या गावची पाणीपुरवठा योजना सौरऊर्जेवर चालवण्याचा विषय घेतला. गाव १,८०० वस्तीचं. विहिरीवर १० एचपीचा सबमर्सिबल पंप, वर माळावर ५० हजार लिटरची टाकी, ती दिवसातून दोनदा भरतात. थ्री फेज लाइट कधी दिवसा येते, कधी रात्री.

गटातल्या एकाचा सॉफ्टवेअरवर चांगला हात आहे. दोन महिने खपून त्याने होमर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल केलं. उत्तर आलं ५ किलोवॅटचं पॅनेल, सोबत लिथियम बॅटरी आणि चार वर्षांच्या आत पैसे वसूल. गाईड खूश झाले, यावर पेपर होईल म्हणाले.

मग मार्चमध्ये मी गावी जाऊन आठवडाभर पंपावर बसले. मीटरची रीडिंग घेतली, क्लॅम्पमीटरने करंट बघितला, वाटप बंद असताना टाकीची पातळी मोजली. टाकीचा आतला व्यास ५ मीटर आहे आणि पाणी तासाला सव्वा मीटरपेक्षा थोडं जास्त चढतं. पाणी सोडणारे मामा वहीत वेळा लिहितात, त्या वहीचेही फोटो काढले. दिवसाला सरासरी ३८ युनिट जातात. आमच्या मॉडेलमध्ये १७.५ धरलेत! त्यात पाणी चढवायची उंची नकाशावरून ४५ मीटर आणि पंपाची कार्यक्षमता ७० टक्के घेतली होती. माझा मोबाइल ६० मीटर दाखवतो, म्हणजे कार्यक्षमता जेमतेम ४३ टक्के. मी रात्री साडेअकराला हे सगळं ग्रुपवर टाकलं.

सॉफ्टवेअरवाला म्हणाला, "तीन आठवड्यांवर व्हायव्हा आलीय, आता बदल नको. तुझं मोजमाप परिशिष्टात टाकू." दुसऱ्याची पुण्यात इंटर्नशिप सुरू झालीय, तो मेसेज वाचतो पण उत्तर देत नाही. चौथी म्हणते, "तुम्ही दोघं ठरवा, मी रिपोर्ट टाइप करते." मार्क चौघांना सारखेच. मी एकटीने नवं मॉडेल करायला घेतलंय, पहाटे तीन-तीनपर्यंत जागते, तरी जमत नाही. गाईडकडे एकटीने जाऊन सांगू का? की गटातून नावच काढून घेऊ? आणि मावशीचे यजमान दर रविवारी फोन करून विचारतात, "पॅनेल कधी बसणार?" सरपंचांनी ग्रामसभेत सांगूनही टाकलंय.

— नाव छापू नये, ही विनंती


परिशिष्टात टाकायचा नाही. एवढं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं जरा शांतपणे वाचशील. गटातून नाव काढून घ्यायचं नाही, आणि गाईडकडे एकटीनेही जायचं नाही. पण ‘मी बरोबर, बाकीचे चूक’ असा जो सूर तुझ्या पत्राला लागलाय, तोही मला पुरता पटलेला नाही. तू मोजून आणलेल्या आकड्यांपैकी एक खणखणीत आहे आणि एक डळमळीत. ते दोन्ही तू एका दमात, लोक झोपायला निघाल्यावर, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेस. दोन महिने खपलेल्या पोराला अशा वेळी ‘तुझं उत्तर निम्म्याहून चुकलंय’ असं कळलं तर तो ‘वा, छान मोजलंस’ म्हणेल, ही अपेक्षाच जरा जास्त होती.

म्हणून आधी तुझे आकडे बघू.

३८ टिकेल. मीटरवरून गेलेली वीज आणि टाकीत प्रत्यक्ष पडलेलं पाणी, दोन्ही तू समोर उभी राहून मोजलंस. ५ मीटर व्यासाच्या टाकीत पातळी तासाला सव्वा मीटरच्या वर चढते म्हणजे तासाला सुमारे २५ हजार लिटर पाणी येतं. चार तासांत एक लाख लिटर. जलजीवन मिशनचा माणशी ५५ लिटरचा निकष लावला तर १,८०० माणसांना ९९ हजार लिटर लागतात, म्हणजे तिकडूनही हिशेब जुळतो. थोडक्यात, हजार लिटर पाणी टाकीत पडायला ०.३८ युनिट खर्च होतात. आता नीट बघ, या ०.३८ मध्ये आपण उंची कुठेच धरलेली नाही. कार्यक्षमता धरलेली नाही, पाइपमधलं घर्षण नाही, गळती नाही. जी काही तूटफूट व्हायची ती या आकड्याच्या आत होऊन गेलेली आहे. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी किती का उलटतपासणी घेईनात, हा आकडा जागचा हलत नाही.

४३ टक्के मात्र टिकणार नाही. हजार लिटर पाणी एक मीटर उचलायला २.७२५ वॅट-तास लागतात, हे तुझं गणित बरोबर आहे. पण मीटर किती, तेच तुला ठाऊक नाही. उपग्रहावरून घेतलेली मोबाइलची उंची दहा-वीस मीटरनी सहज चुकते. काही फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, पण पहाटेचा आणि दुपारचा दाब बदलला की त्यात टेकडी आपोआप उंच-बुटकी होते. ६० मीटर धरलेस तर कार्यक्षमता ४३ टक्के निघते, ४५ धरलेस तर ३२. नकाशावाला आणि मोबाइलवाली, दोघंही अंदाजच करताय. फक्त त्याचा अंदाज मॉडेलमध्ये गेला आणि तुझा भांडणात.

यावरचा उपाय काही शे रुपयांचा आहे. एक प्रेशर गेज घे, ० ते १० किलोचं. पंपघरात एखादं गेज असतंच, पण त्याची काच फुटलेली आणि काटा कुठल्यातरी जुन्या आकड्यावर रुतलेला, अशीच गेजं मी जास्त पाहिलीत, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नकोस. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) पुढे, टाकीकडे जाणाऱ्या पाइपला ते बसव. चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब म्हणजे दहा मीटर पाण्याची उंची. पंप चालू असताना काटा कुठे आहे ते लिहून घे. त्यात गेजपासून विहिरीतल्या पाण्यापर्यंतचं अंतर मिळव. पंप खरोखर किती मीटर ढकलतोय ते मिळालं. मग पंप बंद करायला सांग आणि तिथंच उभी राहा. काटा खाली येऊन एका जागी थांबेल. ती टाकीची खरी उंची, नकाशा नको की उपग्रह नको. चालू आणि बंद यांतला फरक म्हणजे पाइपने खाल्लेला दाब. आणि काटा थांबलाच नाही, हळूहळू खाली सरकतच राहिला, तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह तरी धरत नाही किंवा पाइपलाइन तरी कुठे गळतेय. मग पंपाला नावं ठेवण्याआधी विहिरीपासून टाकीपर्यंत पाइपलाइन पायी चाल. एप्रिलात सगळा माळ करपलेला असताना मध्येच एखाद्या जागी हिरवंगार गवत दिसलं, तर तिथे उकरायला सांग.

आणखी एक. मार्चचा आठवडा म्हणजे वर्ष नव्हे. मे महिन्यात विहिरीचं पाणी खोल जातं, पंपाला जास्त उचलावं लागतं आणि मध्ये थांबून झरा भरायची वाट बघावी लागते. जुलैत विहीर काठोकाठ असते, उचल कमी होते, पण ऊनही नसतं. म्हणजे सूर्य आणि विहीर यांचे नखरे महिन्यागणिक उलटसुलट चालतात. हे कुठल्याही तयार आलेखात मिळणार नाही, बारा महिन्यांच्या वीजबिलांत मिळेल. रोजच्या ३८ च्या हिशेबाने महिन्याला साधारण १,१४० युनिट यायला हवेत. बिल बघताना मात्र ते रीडिंगवरून आलंय की सरासरीने मारलंय, हे तपास. मीटर बंद पडलेल्या काळातली सरासरी बिलं बाजूला काढ, त्यांत काही अर्थ नसतो. बाकीची मामांच्या वहीतल्या तासांशी ताडून बघ.

आता तुझा सॉफ्टवेअरवाला. तुझ्या पत्रात तो खलनायक झालाय, पण मला त्याची चूक एका चौकटीपुरती दिसते. तू मॉडेलची फाइल पाठवली नाहीस, तरी उत्तरात बॅटरी आली यावरून ओळखता येतं, त्याने पंप ‘प्रायमरी लोड’ म्हणून टाकलाय. ही चौकट घरातल्या दिव्या-पंख्यांसाठी असते. संध्याकाळी सात वाजता दिवा लागायला हवा म्हणजे सातलाच लागायला हवा, आठला लावून चालत नाही. सकाळ-संध्याकाळ उंचवटे असलेला गावाचा एखादा आलेख त्याने कुठून तरी घेतला असणार. सॉफ्टवेअर बिचारं विचार करतं की संध्याकाळी ऊन नाही, मग भागवायचं कसं? आणि बॅटरी खरेदी करतं. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार!

तुमच्या गावच्या पंपाला स्वतःची अशी वेळच नाही. थ्री फेज आली की मामा बटण दाबतात, एवढीच त्याची वेळ. लोकांना सकाळी नळाला पाणी हवं असतं. ते विहिरीतून टाकीत रात्री चढलं की आदल्या दुपारी, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. साठवण टाकीतच होते. ५० हजार लिटर म्हणजे तुझ्या ०.३८ च्या हिशेबाने १९ युनिट वीज त्या माळावर आधीच बांधून ठेवलेली आहे. ती चार्ज-डिस्चार्जने म्हातारी होत नाही आणि दहा वर्षांनी बदलावीही लागत नाही. मग लिथियम कशाला?

होमर मुळात अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेत तयार झालं, छोट्या, ग्रिडपासून लांबच्या गावांचा विचार त्यात पहिल्यापासून आहे. म्हणूनच त्यात ‘डिफरेबल लोड’ नावाची वेगळी चौकट आहे, पुढे ढकलता येणाऱ्या कामासाठी. टाकीत पाणी चढवणं हे तिचं नेहमीचं उदाहरण. तिथे दिवसाचे युनिट विचारतात (३८, आणि महिन्यागणिक वेगळे देता येतात), साठवण किती युनिटची (१९), जास्तीत जास्त भार किती (पंप ३८ युनिट चार तासांत खातो, म्हणजे साडेनऊ किलोवॅट) आणि कमीत कमी किती टक्के भारावर तो चालू शकतो. चारपैकी तीन आकडे तुझ्या वहीत तयार आहेत. चौथ्याकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण सौर पंपाचे अंदाज तिथे फसतात. पॅनेलवर ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावून पंप चालवला की ऊन कमी झाल्यावर पंपाचा वेग कमी होतो, आणि दाब वेगाच्या वर्गाने घटतो. ५० हर्ट्झवरून ३५ वर आलात की दाब जवळजवळ निम्मा. तेवढ्या दाबात पाणी टाकीच्या उंचीपर्यंत पोचत नसेल, तर सकाळी साडेआठला पंप मजेत फिरत असतो, वीजही खात असतो, आणि टाकीत थेंब पडत नाही. ३८ युनिटला आपल्याकडच्या वार्षिक सरासरीने, किलोवॅटमागे दिवसाला चार युनिट धरून, साडेनऊ-दहा किलोवॅट पॅनेल येतं खरं. पण थेट पंपाला जोडायचं तर तेवढ्यात भागणार नाही, आणि पावसाळ्यात महावितरणची जोडणी हाताशी ठेवावीच लागेल. नेट मीटरिंग (पॅनेलची वीज ग्रिडला देऊन ती बिलात वळती करून घेणं) घेतलंत तर हिशेब पुन्हा बदलतो, कारण मग पंप उन्हातच चालवायला हवा असं राहत नाही. दोन्ही चालवून बघा.

पॅनेल दुप्पट होईल, बॅटरी जाईल. पैसे वसूल व्हायची मुदत वाढेल की कमी होईल, ते मी इथे बसून सांगणार नाही, ते त्याचं काम आहे आणि त्याला ते तुझ्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा चांगलं जमतं. तू जे पहाटे तीनपर्यंत जागून शून्यातून उभं करायला बघतेयस, ते त्याच्या तयार मॉडेलमध्ये चौकट बदलून एका संध्याकाळचं काम आहे. तेव्हा नवं मॉडेल बंद कर आणि झोप काढ. दुसऱ्या दिवशी त्याला कॉलेजात गाठ. फोनवर नको आणि ग्रुपवर तर मुळीच नको. लॅपटॉप मध्ये ठेवून त्याला विचार, "मी मोजून आणलेलं तुझ्या मॉडेलमध्ये कुठे बसतं, ते दाखवतोस का?" हे विचारताना आवाजात ‘बघ, मी सांगत होते’ येऊ देऊ नकोस. ४३ टक्क्यांबद्दल मात्र तू होऊन सांग, की हा आकडा माझाही कच्चा आहे, गेज लावून पक्का करायचाय, गावी येतोस का बरोबर? सॉफ्टवेअरवर बसणाऱ्या मुलांना एकदा पंपघरात उभं केलं की पुढची बरीच बोलणी आपोआप सोपी होतात, असा माझा अनुभव आहे. स्टार्टरचा खटका पडल्यावर पाइप थरथरतो ना, तो थरथराट स्क्रीनवर दिसत नाही.

इंटर्नशिपवाल्याला भावनिक मेसेज पाठवू नकोस. ‘तुला काहीच पडलेली नाही’ वगैरे लिहिलंस की तो आणखी गप्प होईल. त्याला बसल्याजागी होणारं, शेवट असलेलं एक काम दे. मामांच्या वहीचे फोटो आणि बिलांचे फोटो पाठव, आणि सांग की रविवारपर्यंत महिनावार तक्ता हवाय. केला तर चांगलंच. नाही केला तर रिपोर्टमध्ये कुणी काय केलं याचं एक पान असतंच, ते खरं लिहा. तक्रार करायची गरज पडत नाही. चौथीचं ‘तुम्ही दोघं ठरवा’ मला जरा जास्त खटकलं. तटस्थ राहणं आणि काम टाळणं यांतली सीमा अशा गटांत फार पुसट असते. पण ती टाइप करतेच आहे, तर तिला पहिलं पान गृहीतकांचं करायला सांग. उंची, कार्यक्षमता, रोजचं पाणी, उन्हाचे तास, विजेचा दर, अशा प्रत्येक आकड्यापुढे ‘मोजला’, ‘बिलावरून’, ‘पुस्तकातून’ की ‘अंदाज’ यांपैकी एक शब्द. हे पान करताना तिला तुम्हा दोघांना प्रश्न विचारावेच लागतील आणि ती आपोआप वादात ओढली जाईल. गटाची निम्मी भांडणं या पानाअभावी होतात.

गाईडकडे जायचं ते चौघांनी, निदान तिघांनी, आणि दोन्ही उत्तरं घेऊन. ‘सर, आमचं चुकलं’ असं तोंड पाडून जाऊ नका. ‘सर, आधी अंदाजाने १७.५ आले होते, मोजल्यावर ३८ आले, आणि हा फरक कुठून आला ते आम्ही शोधलंय,’ असं सांगा. समजा गेजने तुझे ६० मीटरच खरे ठरवले. मग साडेवीस युनिटच्या फरकापैकी उंचीमुळे जेमतेम सहा येतात, उरलेले साडेचौदा पंप-पाइपच्या खराब कामगिरीमुळे. म्हणजे पंप बदलून आणि गळती काढून कार्यक्षमता ६० टक्क्यांवर नेली, तर रोजचे ३८ चे सव्वासत्तावीस होतात. अकरा युनिट वाचले, पावणेतीन किलोवॅटचं पॅनेल लावायचंच टळलं. गाईडना पेपर हवाय ना? पेपर इथे आहे. कल्पनेतल्या गावाला बॅटरी बसवणारे पेपर ढिगाने आहेत. खऱ्या पंपघरात बसून, वहीशी, मीटरशी, बिलाशी ताडून घेतलेली एका गावची मोजणी त्या मानाने फार कमी वाचायला मिळते. पेपरात गावाचं नाव आणि बिलं वापरायला ग्रामपंचायतीची लेखी परवानगी घ्या, आणि आभारांत मामांचा उल्लेख त्यांना विचारून करा. त्यांनी वही लिहिली नसती तर तुमच्याकडे एक आठवडाच होता.

गाईड तरीही म्हणाले, ‘आता राहू दे, जुनंच मांडा,’ तर? तसं सहसा होत नाही, पण झालं तर जुनं उत्तर ‘अंदाजावर आधारित’ असं स्पष्ट लिहून मांडा आणि लगेच पुढच्या स्लाइडवर मोजमाप दाखवा. त्याला कुठलाही गाईड नाही म्हणणार नाही. नाव काढून घेण्याचा विचार मात्र डोक्यातून काढ. त्याने शिक्षा तुला होईल आणि ५ किलोवॅटचा आकडा तसाच छापून जाईल.

आणि तो छापून गेला तर काय, याची मला मार्कांपेक्षा जास्त काळजी आहे. तुमच्यासाठी हा एका सत्राचा विषय आहे. सरपंचांनी तो ग्रामसभेत सांगितलाय. साताऱ्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली, तेव्हापासून ‘त्यांच्याकडे झालं, आपल्याकडे का नाही’ हे गावोगावी ऐकू येतं, आणि त्यात वावगं काही नाही. अशा वेळी इंजिनिअरिंग कॉलेजचा शिक्का असलेला रिपोर्ट कुणीतरी पंचायत समितीत नेऊन ठेवतो. त्यावर ५ किलोवॅट लिहिलेलं असतं, म्हणून ५ बसतं. एप्रिलात टाकी अर्धी भरते. लोक म्हणतात, सोलर काही खरं नाही. खांबावर पॅनेल आहे आणि खालच्या पेटीतली बॅटरी गायब आहे, असे पथदिवे तू पाहिलेच असशील. त्यांच्या जोडीला आणखी एक पांढरा हत्ती उभा राहील, आणि तोही तुझ्या मावशीच्या गावात.

म्हणून व्हायव्हाच्या आधी, गेज लावायला जाशील त्याच फेरीत, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना भेट. काकांनाही बरोबर घे, म्हणजे रविवारचे फोन थांबतील. सरळ सांग की आम्ही विद्यार्थी आहोत, आमच्याकडे निधी नाही, पॅनेल बसवणं आमच्या हातात नाही. हे ऐकून त्यांचा चेहरा पडेल. पडू दे. लगेच पुढचं सांग. तुमच्या पंपाला हजार लिटरमागे ०.३८ युनिट लागतात, नीट निवडलेल्या पंपाला याहून बरेच कमी लागायला हवेत. व्हॉल्व्ह आणि पाइपलाइन तपासली तर बिल याच महिन्यापासून कमी होऊ शकतं, आणि हे आधी केलं तर पुढे पॅनेलही कमी लागेल. दोन पानं मराठीत लिहून दे, त्यात एकही आलेख नको. वित्त आयोगाच्या निधीचा ठरावीक हिस्सा पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा असतो, हे त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ग्रामपंचायत विकास आराखड्यात दुरुस्तीचं काम घालायचं की नाही, ते त्यांचं ते ठरवतील. सौर योजनेच्या चौकशीला महाऊर्जाच्या (राज्याची अपारंपरिक ऊर्जेची संस्था) विभागीय कार्यालयात जायचं असेल, तर तुझी दोन पानं त्यांना तिथे उपयोगी पडतील, कारण पंपाचे खरे युनिट आणि खरं पाणी हाताशी असलं की पुढचं बोलणं अंदाजावर चालत नाही. यातलं कुठलंही आश्वासन मात्र तू देऊ नकोस. ‘बघते, सरांना विचारते’ एवढंही नको; गावात त्याचा अर्थ ‘होणार’ असाच घेतात.

मामांना वेगळं भेट. पंप दिवसा उन्हावर चालायला लागला तर त्यांची रात्रीची जाग वाचेल, पण काही गावांत पाणी सोडणाऱ्या माणसाला वाटतं की सोलर आलं म्हणजे आपलं काम गेलं. वहीच्या बदल्यात तेवढा खुलासा तरी त्यांना मिळायलाच हवा. शिवाय पाइपलाइन कुठून कशी गेलीय, मधला जोड कुठे दोनदा फुटला, हे नकाशात नसतं, त्यांना तोंडपाठ असतं.

गेज घ्यायला हार्डवेअरच्या दुकानात जाण्याआधी मामांना फोन करून जुन्या गेजच्या आट्यांचं माप विचार. बहुतेक ते अर्धा इंची असेल, पण पाव इंचीही निघतं, आणि गावात रिड्यूसर (दोन मापं जुळवणारा जोड) मिळेलच असं नाही. टेफ्लॉन टेप सोबत ने. आणि स्टार्टरची पेटी तू उघडू नकोस. क्लॅम्पमीटर लावायचा असेल तर मामांना किंवा वायरमनला उघडायला सांग, आत ४१५ व्होल्ट असतात.